केसांसकट

कातड्यावर आधी फुंकर घालायची असते. फुंकरीनं केस दोन्हीकडं कलंडतात, मधे भांग पडल्यासारखी रेघ उमटते आणि त्या रेघेच्या तळाशी मऊ लव आहे की नुसती उघडी कातडी, ते कळतं. लव असलेलं कातडं कोटाच्या पुढच्या अंगाला. विरळ असेल ते बाहीच्या आत, काखेजवळ, जिथं कुणी बघायला जात नाही. आणि सगळ्या कातड्यांचे केस एकाच दिशेनं वाहिले पाहिजेत, खांद्यावरून खाली, डोंगरउतारावरून पाणी येतं तसे.

हे नंदाला जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात भय्यासाहेबांच्या दुकानी एका काश्मिरी कारागिरानं शिकवलं. तो दोन महिने राहिला आणि थंडीच्या आधी निघून गेला. जाताना म्हणाला, "बेटी, हाथ में नज़र है तुम्हारे."

भय्यासाहेबांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत जबलपूरला आलं आणि इथलंच झालं. छावणीतल्या साहेबांच्या वर्द्या शिवायचं त्यांचं जुनं दुकान. त्या वर्षी दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना एका विलायती मासिकातलं चित्र दाखवलं. उंच, हडकुळी बाई, केस मोकळे, आणि अंगात गुडघ्यापर्यंत बकरीच्या कातड्याचा कोट, केसांसकट.

"तिकडे सध्या हेच चाललंय, नंदाबाई," भय्यासाहेब म्हणाले होते. "पोरी बकऱ्या घालून हिंडताहेत. अपने को क्या, आपण शिवू. एक नमुना पास झाला ना, की सहा मशिनी टाकतो. आणि त्यांच्यावर तुम्ही."

"म्हणजे पक्की नोकरी?"

"पक्की. चौदा कातडी जुळवून शनिवारी मला मांडून दाखवा. बरोबर जुळली तर त्याच दिवशी चिठ्ठी लिहून देतो."

त्या चिठ्ठीवर नंदाचं सगळं अडून होतं.

होळीनंतर ती शहपुऱ्याहून, नवऱ्याच्या घरून, माहेरी आली होती. डाव्या हाताचं एक बोट तेव्हापासून वाकत नव्हतं. गुलाबरावानं, तिच्या नवऱ्यानं, ते दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. भाजी अळणी होती म्हणून. माहेरी दोन खोल्या, मागं छोटं अंगण. भाऊ गुणवंत फॅक्टरीत, वहिनी जया दवाखान्यात आया, आणि म्हातारा बा. आई नव्हती. दिवाळीला सासू न्यायला आली तेव्हा गुणवंतनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं: "डिसेंबरच्या पयल्या रविवारी या. तोवर हिच्या हाती पक्कं काम असलं तं राहील. नसलं तं घेऊन जा. माह्या घरी जागा किती हाय, तुम्ही पाहूनच राहिले."

गुणवंत वाईट नव्हता. भ्यालेला होता. भ्यालेल्या माणसाशी भांडता येत नाही.

दुकानात साहेबलोकांच्या लोकरी वर्द्या टांगलेल्या, तिथं बकरीचा वास नको, म्हणून कातडी नंदा घरी घेऊन आली. मीठ-तुरटीनं केसांसकट कमावलेली बारा कातडी, करडा आणि विटकरी रंग एकमेकांत मिसळलेला, पिकल्या ज्वारीच्या धांड्यासारखा. कडुनिंबाचा पाला घालून तिनं ती लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटी खाटेखाली सरकवली. बापाला सांगितलं, शिवणकाम आहे, शनिवारी दाखवलं की नोकरीची चिठ्ठी मिळेल. तेवढंच. जयाला ठाऊक होतं की पेटीत कातडी आहेत, त्याहून जास्त तिलाही नाही.

सांगणार कशी? बा, म्हणजे लहानू, तरुणपणी कामठीला चामड्याच्या कारखान्यात होता. नंदाला आठवतं ते एवढंच, की तो जवळ घ्यायचा तेव्हा त्याच्या हातांना बाभळीच्या सालीचा तुरट वास यायचा आणि नखं पिवळी असायची. मग छप्पनसाली तो नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आता हे हात कातड्याले लागाचे नाईत." लागले नाहीत. तो बायकापोरं घेऊन जबलपूरला आला. प्रांत वेगळे झाले, नागपूर तिकडं गेलं, हे इकडं राहिले. फॅक्टरीत ओझी वाहून त्यानं अठरा वर्षं काढली. चामड्याची चप्पलसुद्धा तो पायात घालत नसे, रबराची घालायचा. त्याच्या घरात, त्याच्या खाटेखाली, त्याची लेक बारा कातडी लपवून बसली होती.

दुपारी तो विहारात वर्तमानपत्र वाचायला जाई. तेवढ्या वेळात ती कातडी काढायची, विंचरायची, फुंकर घालायची, एकाशेजारी एक लावून बघायची. मांजरपाटाचा कच्चा कोट तिनं बेतून ठेवला होता, त्याच्यावर खडूनं एक ते चौदा आकडे घातले होते. कुठलं कातडं कुठं. विंचरताना तिच्या ओठांत आपोआप काही यायचं, आई जात्यावर बसली की यायचं तसं, पण शब्द नसलेलं. त्या केसांच्या उतारावर हात फिरला की तिला वाटायचं, एवढं एक जमलं तर मी कुणाच्या दाराशी उभी राहणार नाही.

दोन कातडी कमी पडत होती. रंग जुळेना. गुरुवारी ती सिहोऱ्याला गेली, मावसबहीण शकुकडं मुक्काम केला. तिथल्या खाटीकमोहल्ल्यात एकाकडं सुकवलेल्या कातड्यांची चळत होती. ती चळत उलथीपालथी करताना खाटीक हसायला लागला. "दीदी, लड़की देखने आई हो क्या? इतना तो कोई दूल्हा नहीं देखता." पण शेवटी दोन सापडली. तोच विटकरी रंग, तीच लव. शुक्रवारी दुपारी बसमधून उतरून ती जवळजवळ धावत घरी आली.

दार उघडं होतं. अंगणात बांबूला काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. निळसर पांढरं, ओलं, गुळगुळीत. एका ओळीत बारा.

बा खाली उकिडवा बसला होता. समोर लाकडी ओंडका, हातात बांबूची बोथट पट्टी, बाजूला पाण्याचा ड्रम आणि गोणपाटाची पिशवी. पिशवीत विटकरी केस नीट धुऊन भरलेले. त्यानं वर पाहिलं. कितीतरी वर्षांत तिनं त्याचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता.

"आली का वं? पाय. पाय कसे निघाले. एक बी डाग नाई."

नंदाच्या हातातली पिशवी गळून पडली.

"काई बोलू नको," बा म्हणाला. "मले समदं मालूम हाय. तू आणलं त्याच दिसापासून मले वास येऊन राहिला. अठरा वर्सं झाली म्हणून नाक थोडंच इसरते? म्या म्हटलं, पोरगी सांगत नाई, तं आपण काहून इचाराव. मंग काल तो मांजरपाटाचा कोट पायला. तवा समजलो. चामड्याचा कोट. कामठीले फौजी अफसराईसाठी बनत होते, असेच. म्या म्हटलं, चौदा कातड्याईचे केस काढाले हिले आठ दिस लागन, बोट बी वाकत नाई हिचं, अन् शनिवार तं आला."

"बा, तुम्ही..."

"जिभेले लावून पायलं. तुरटी. कोण्या अनाड्यानं केस काढाच्या आंधीच तुरटी लावून ठेवली, सांग. भिजवून काढली समदी. चुना अन् हरताळ मासाच्या बाजूनं लावली, घडी घालून ठेवली, सकाळी हात लावला तं केस असे सरकले, लोण्यावाणी." त्यानं तळवा हवेत सरकवून दाखवला. "हात इसरले नाईत, नंदे. मले वाटलं होतं इसरले असन."

त्या तळव्यावरची कातडी चुन्यानं खाल्ली होती. बोटांची टोकं फाटली होती, एक-दोन ठिकाणी रक्त सुकलेलं.

ज्या माणसानं अठरा वर्षं एक शब्द पाळला, त्यानं तो तिच्यासाठी मोडला होता. आणि मोडून जे केलं, त्यानं तिचं पाऊल परत शहपुऱ्याच्या उंबऱ्यात नेऊन ठेवलं होतं. बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याच्या हिशेबी केस असलेलं कातडं म्हणजे अर्धं राहिलेलं काम. केस ठेवण्यासाठी कुणी कातडं कमावतं, हे त्याच्या जन्मात त्यानं ऐकलं नव्हतं. ऐकवणारी ती होती, आणि ती गप्प बसली होती.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"काई नाई झालं."

"दाखवा म्हणते ना."

तिनं खोबरेल आणलं आणि त्याच्या बोटांना लावत बसली. तो सांगत होता, बाभळीची साल कुठं मिळेल, किती दिवस भिजवावी लागेल. ती हूं हूं करत होती.

"चांगली निघाली ना वं?"

"चांगली निघाली, बा."

संध्याकाळी जया ड्यूटीवरून आली. नंदानं तिला चुलीपाशी हळूच सांगितलं. जया कपाळाला हात लावून बसली. "मी काल आली तवा ड्रमवर झाकण होतं, ताई. मले वाटलं पाणी भरून ठेवलं असन. आज पायलं तरी मले काय समजणार? केस पायजेत, हे मले कोणं सांगतलं होतं?"

कुणीच नाही.

शनिवारी नंदा एक कातडं गुंडाळून गोरखपुरात गेली. सोबत सिहोऱ्याची दोन. भय्यासाहेबांनी आधी ती दोन पाहिली, खुशीनं फुंकर घातली. मग तिसरं उलगडलं आणि चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"माझ्या हातून झालं."

"तुमच्या हातून? नंदाबाई, फुंकर घालून घालून तुमचे गाल दुखायचे, ते मी पाहिलंय. हे तुमच्या हातून कसं होईल?"

त्यांनी कातड्याला बोट लावून बघितलं. "ज्यानं केस काढले त्याला काम येतं. कुठंही चिरलेलं नाही. पण मला केस पाहिजेत हो. दिल्लीवाला केस मागतोय."

"आठ दिवस द्या मला. मी कातडी आणते."

"कुठून? कमावलेली बारा, एका रंगाची? त्या काश्मिऱ्यानं महिनाभर हिंडून आणली होती." ते खुर्चीत मागं टेकले. "मी वाईट माणूस नाही. पण दिल्लीला काय लिहू? वो कानपुर में दूसरा आदमी देख रहा है. चिठ्ठी मी आज कशी देऊ? काय बघून देऊ?"

"आणली तर?"

"आणली तर आणली. मी नाही म्हणत नाही. मात्र वचन देत नाही."

ती निघाली तेव्हा त्यांनी सिहोऱ्याची दोन कातडी तिच्या पिशवीत परत घातली. तिसरं तसंच टेबलावर राहिलं. ते मागायचा तिला धीर झाला नाही.

रविवारी सकाळी अकराच्या बसनं पार्वताबाई आल्या. नंदाची सासू. जाड, धापा टाकणारी बाई, हातात स्टीलचा डबा, त्यात तिळाचे लाडू. दारातूनच त्यांची नजर अंगणात गेली.

"अवं जया, हे काय वाळू घातलं? पापड का?"

"नाई आत्याबाई, ते ताईच्या कामाचं."

"अस्सं. वास तं पापडाचा नाई." त्या खाटेवर बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. "अन् लहानूभाऊ, तुमच्या हाताले काय झालं? सुनेनं भांडे घासाले लावले काय या वयात?"

"काई नाई, चुना लागला," बा म्हणाला, आणि हसला. तो सकाळपासून खुशीत होता. आज लेकीची चिठ्ठी सगळ्यांना दाखवायची, असंच तो धरून चालला होता.

जेवणं झाली. गुणवंतनं हात धुतले, टॉवेलला पुसले आणि तिच्याकडं न बघता विचारलं, "मंग? काम झालं का, नंदे?"

"नाई झालं."

"काहून?"

"जमलं नाई मले."

"हे काय बोलून राहिली?" बा खाटेवरून पुढं सरकला. "जमलं नाई कसं? समदं तं झालं. साल उद्या आणतो, दहा दिसात..."

"बा, राहू द्या ना."

"काहून राहू देऊ?"

जया दारात उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला. "मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "केस पायजे होते."

"कोणाले?"

"त्या कोटाले. बाया केसांसकटच घालतेत म्हणे तिकडं."

"बकरीवाणी?" पार्वताबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्या थांबल्या.

बानं जयाकडं पाहिलं. मग नंदाकडं. तिनं मान खाली घातली, तेवढं त्याला पुरलं. तो उठला, अंगणात गेला. बांबूपाशी उभा राहून एकेक कातडं बोटांनी चाचपत पुढं गेला, शेवटपर्यंत, जणू त्यातल्या एखाद्यावर केस राहिले असतील.

"चला," पार्वताबाई म्हणाल्या. "तीनची बस हाय. पोरी, बांध तुहं. मी काई खुशीनं आली का? त्या घरात मीच कुठं सुखात हाय? तू गेल्यापासून तो माह्यावरच धावून येते. दोघी असलो तं निदान वाटून तं घेऊ."

नंदानं दोन लुगडी, एक शाल गाठोड्यात बांधली. शिवणाची कात्री बांधली, मग काढून जयाच्या हाती दिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. आत सगळं सुकून गेलं होतं. गाठोडं उंबऱ्याशी ठेवून ती जयाच्या पाया पडायला वाकली. वळून पाहते तर बा त्या गाठोड्यावर बसलेला.

"उठा, बा."

"नाई."

"बा, ऊठ," गुणवंत म्हणाला. "बस निघून जाईल."

"जाऊ दे." त्यानं फाटकी बोटं गुडघ्यांवर ठेवली होती. "हिनं हिचं काम बिघडवलं असतं, तं नेली असती तुम्ही. बिघडवलं म्या. ते नीट झाल्याबिगर हे पोरगी हलणार नाई."

"काय नीट करशील तू? पुन्हा कातडी आणशील? मोहल्ल्यात तोंड दाखवाले जागा ठेवशील का? विहारात इचारतील, लहानू पुन्हा..."

"मीच सांगतो विहारात. उभा राहून सांगतो. तुले कायले लाज? हात माहे हायेत."

"अन् खाईल काय?"

"माह्या ताटात खाईल."

पार्वताबाईंनी डबा उचलला. लाडू तसेच होते, ते त्यांनी ताटलीत काढून ठेवले आणि डबा पुसून पदराखाली घेतला. "किती दिस लागतील, लहानूभाऊ?"

"मालूम नाई."

"मंगळवारी गुलाबराव खुद येईल. संग दोन माणसं घेऊन येईल. त्याले सांगजा, गाठोड्यावर बसून." दारात त्या थांबल्या. नंदाच्या खांद्यावरून नुसता हात फिरवला आणि गेल्या.

गुणवंत त्या दिवशी बापाशी बोलला नाही. बहिणीशीही नाही. बा मात्र उठायला तयार नव्हता. शेवटी ऊन उतरल्यावर जयानं चहा आणून दिला, तेव्हा त्यानं कप धरला, आणि तो धरवेना म्हणून नंदानं त्याला बशीतून पाजला.

"उद्या सिहोऱ्याले जाऊ," तो म्हणाला.

"तिथं एका रंगाची नाईत, बा. मी समदी पायली."

"वाळलेली नसतील. जिती तं असतील. खाटकाले सांगू, विटकरी असली की आमच्यासाठी ठेव."

एवढ्या बकऱ्या एका रंगाच्या कधी कापल्या जातील? मंगळवार त्याच्या आधी येईल. तिनं हे बोलून दाखवलं नाही. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण त्यानं तिच्या डोळ्यांत बघणं टाळलं.

सोमवारी सकाळी दोघं सिहोऱ्याच्या बसमध्ये बसली. थंडी होती. त्यानं मफलर कानांवरून घेतला होता आणि हातांना जयानं बांधलेल्या चिंध्या. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं मागं पळत होती. कटंगी फाटा मागं गेल्यावर तो म्हणाला,

"सांग आता. केस राहाले पायजेत, तं पयले काय करा लागते?"

"उतरवल्याबरोबर मीठ. मासाच्या बाजूनं. उन्हात नाई घालायचं, सावलीत."

"सावलीत. मंग?"

"मंग तुरटीचं पाणी."

"अन् चुना?"

"चुना नाई, बा."

"चुना नाई." त्यानं मान हलवली. बोटं मिटून एकेक उघडत तो पुटपुटत राहिला, शाळेतल्या पोरासारखा. मीठ. सावली. तुरटी. चुना नाई. गाडी खड्ड्यात आदळली की त्याचा क्रम चुकायचा आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याच्या बोटांना उलटं काम शिकायचं होतं, आणि त्याला साठ वर्षं होऊन गेली होती.

"पण मंग," थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "केसाले धरून ठेवते ते काय? मीठ का तुरटी?"

नंदाला ते माहीत नव्हतं. काश्मिरी कारागिरानं तिला विंचरायला शिकवलं, जुळवायला शिकवलं. कातडं कमावताना त्यानं तिला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. वरच्या सगळ्या गोष्टी तिनं येता-जाता ऐकलेल्या होत्या, त्यातल्या किती खऱ्या, तेही तिला सांगता आलं नसतं.

तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"मीठ," ती म्हणाली.